निमुळत्या सिगारचे तोंड : एका मापपट्टीच्या कामाच्या नोंदी

९ फेब्रुवारी २०२५, भुसावळ

जळगावचे आमचे सराफ मित्र नाना आज दुपारच्या गाडीने आले, ते सिगारचे खोके पिशवीत घालूनच. त्यांचा पुतण्या मालवाहू जहाजावर नोकरीला आहे. त्याने काकांसाठी दहा सिगार आणल्या होत्या, त्यांपैकी दोन वाया गेल्या आणि आठ उरल्या. सिगारचे ओठांत धरायचे टोक बंद असते, ते कापल्यावरच ती ओढता येते. पहिलीचे ते टोक नानांनी घरच्या अडकित्त्याने तोडले, तेव्हा ते चेपले जाऊन बाहेरचे पान उभे चिरले. दुसरीच्या वेळी पुतण्याने दिलेले दोन पात्यांचे कटर वापरले, परंतु जरा आत धरून कापल्यामुळे अर्धी सिगार होईपर्यंत पान सुटून खाली लोंबू लागले. 'तुमचे अख्खे आयुष्य टूलरूममध्ये गेले, तेव्हा मला अशी काही युक्ती करून द्या की डोळे झाकून कापले तरी नेमके कापले जावे,' अशी नानांची मागणी आहे. मी स्वतः वीस वर्षांपूर्वी तंबाखू सोडली आहे. म्हणून ओढून पाहण्याचे काम नानांचे आणि मोजण्याचे माझे, अशी वाटणी ठरली.

सिगारची लांबी १५६ मिमी आणि बुंध्याकडचा व्यास २०.६ मिमी भरला. खोक्यावर ५२ हा आकडा आहे. सिगारच्या व्यवहारात जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागांत सांगतात, म्हणजे ५२ भागिले ६४ गुणिले २५.४, आणि उत्तर २०.६ मिमीच येते. हा हिशेब जुळला तेव्हा कॅलिपरवरचा आणि खोक्यावरचा असा दोन्हींवरचा विश्वास एकदमच वाढला. क्यूबातील मोंतेक्रिस्तो या नावाची 'क्रमांक २' ही प्रसिद्ध सिगार नेमक्या याच मापाची असते आणि त्या आकाराला तिकडे पिरामिड म्हणतात. दुकानदार तिला सर्रास टॉर्पेडोही म्हणतात. मूळ अर्थाने टॉर्पेडो म्हणजे मध्ये किंचित फुगीर आणि टोकाला अणकुचीदार अशी सिगार. आता मात्र हा भेद फारसा कोणी पाळत नाही, आणि आमच्या कामापुरता तो महत्त्वाचाही नाही. दोन्हींचे डोके निमुळते असते, आणि आमची अडचण तेवढीच आहे.

११ फेब्रुवारी

नाना जाताना हिरे पाहण्याचे भिंग ठेवून गेले होते, त्यातून आज टोक नीट न्याहाळले. सिगारमध्ये आत भरणाची पाने, त्यांना बांधून ठेवणारे एक पान आणि सर्वांत बाहेर तलम, एकसंध असे गुंडाळीचे पान असते. गुंडाळीचे पान बुंध्याकडून डोक्याकडे तिरकस वेढे घेत जाते आणि टोकाशी बेचव वनस्पतिज डिंकाने चिकटवलेल्या पानाच्या टोपीत संपते. सरळ अंगाच्या सिगारमध्ये डोके गोल घुमटासारखे असून घुमट जिथे अंगाला मिळतो तिथे खांदा दिसतो. त्या खांद्याच्या वर कापायचे, एवढे लक्षात ठेवले की नवख्या माणसाचेही काम भागते. निमुळत्या सिगारला खांदाच नसतो. टोपीची कड भिंगातून पाहिल्यावर टोकापासून सुमारे ११ मिमीवर एका पुसट रेषेसारखी दिसली. नानांनी दुसरी सिगार कापली ती बहुधा या रेषेच्याही खाली, आणि टोपीच गेल्यावर पानाला धरून ठेवणारे काहीच उरले नाही.

जाता जाता एक गोष्ट नोंदवून ठेवतो. आपल्याकडे 'चिरूट' हा शब्द तमिळमधून आला, तिकडे सुरुट्टु म्हणजे गुंडाळी. त्रिचनापल्लीचा चिरूट दोन्ही टोकांना सरळ छाटलेला असे. तो घेतला की पेटवायचा, त्यामुळे कापण्याचा विधीच आपल्या अंगवळणी पडला नाही. माझ्या लहानपणी रेल्वेतले एक म्हातारे ड्रायव्हर चिरूट ओढत. त्यांच्या खिशात कटर असल्याचे मला मुळीच आठवत नाही.

१६ फेब्रुवारी

हत्यारे तपासण्यासाठी खऱ्या सिगार वाया घालवणे परवडणारे नव्हते. रावेरकडच्या एका शेतकऱ्याकडून केळीची वाळलेली सोपटे आणि पाने मागवली आणि सातपुड्यातली तेंदूची पाने बाजारातून आणली. पाने पाण्यात भिजवून मऊ केली, कुस्करलेल्या केळीच्या पानावर सोपटाचा एक वेढा आणि त्यावर तेंदूचे पान असे करत बारा नकली सिगार वळल्या. पहिल्या चार इतक्या वेड्यावाकड्या झाल्या की शेजारचे भाऊ कुंपणावरून डोकावून विचारते झाले, 'काय करी ऱ्हायना भो?' त्यांना उत्तर देण्यात अर्धा तास गेला. निमुळते डोके वळणे सरळ डोक्यापेक्षा अवघड का, हे मात्र त्या निमित्ताने हाताला कळले. टोकाकडे जाताना भरण हळूहळू कमी करावे लागते, आणि ते जास्त राहिले तर टोक दगडासारखे घट्ट होते. तिकडच्या कारखान्यांत हे आकार मुरलेल्या कारागिरांकडेच का देतात, याचे आता नवल वाटत नाही.

हत्यारांचा निकाल पुढीलप्रमाणे लागला. अडकित्त्याला एकच पाते असते आणि समोर सपाट लोखंड. सुपारी कठीण असल्याने त्या दाबाखाली फुटते, पण सिगार मऊ असल्याने आधी चपटी होते आणि मग कापली जाते. एका पात्याच्या स्वस्त कटरचा दोष थोड्या प्रमाणात तोच आहे, कारण पाते सिगारला समोरच्या कडेवर ढकलते. दोन पात्यांच्या कटरमध्ये दोन्ही बाजूंनी धार एकाच वेळी येते आणि पाते धारदार असेल तर काप स्वच्छ निघतो. भोक पाडणारा पंच निमुळत्या टोकासाठी सरळ निरुपयोगी ठरला. त्याची नळी ८ मिमीची आणि टोक तिच्याहून बारीक, तेव्हा भोक पाडायचे तरी कशात? खाचेसारखा काप देणारे कटर सपाट घुमटासाठी बेतलेले असते. निमुळते टोक त्याच्या वाटीत प्रमाणाबाहेर खोल शिरले आणि खाच टोपीच्या रेषेपर्यंत पोहोचली. सावकाश हाताने केले तर ते साधेलही, पण 'डोळे झाकून' या अटीत ते बसत नाही. सिगारच्या खास कात्रीने काप चांगला आला. मात्र कात्री दोन्ही बाजूंना सारखी मिटावी लागते, आणि नानांचा हात आता थोडा थरथरतो. म्हणून दोन पात्यांचे कटर कायम केले.

बऱ्याच कटरांच्या मागे एक आडवी पट्टी असते. सिगार तिला टेकवून कापली की दीड-दोन मिमीचाच तुकडा निघतो. सरळ सिगारला ती सोय उत्तम आहे. निमुळत्या सिगारचे मात्र तेवढ्याने जेमतेम नाक उडते.

२३ फेब्रुवारी

आजचा दिवस खऱ्या कामाचा ठरला. एक सिगार चाचणीसाठी बळी द्यायची, हे नानांनी जड मनाने मान्य केले. ओढ किती घट्ट आहे हे जिभेवर न सोडता मोजावे, म्हणून पाण्याचे एक साधे यंत्र जुळवले. वीस लिटरच्या कॅनला खाली तोटी आहे. झाकण हवाबंद करून त्यातून एक नळी काढली, तिच्या तोंडाशी सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावून सिगारचे अंग त्यात घट्ट बसवले आणि मध्ये रंगीत पाण्याने भरलेली इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची पारदर्शक नळी जोडली. तोटी सोडली की पाणी खाली पडते आणि तेवढीच हवा सिगारमधून आत ओढली जाते. दर वेळी तोटी अशी लावली की मिनिटाला बरोबर एक लिटर पाणी पडावे, नाहीतर मापांची तुलनाच होऊ शकली नसती. यू नळीतल्या दोन पातळ्यांमधला फरक म्हणजे ओढीचा अडथळा.

एकच सिगार दोन-दोन मिलिमीटरने कापत गेलो. टोकापासून २ मिमी कापल्यावर तोंड ५ मिमी व्यासाचे उघडले आणि पाण्याचा फरक १६५ मिमी आला. ४ मिमीला तोंड ६.३ आणि फरक ११८. ६ मिमीला तोंड ७.५ आणि फरक ९२. ८ मिमीला तोंड ८.६ आणि फरक ८४. १० मिमीला तोंड ९.६ आणि फरक ८१, आणि त्याच कापाला टोपीची कड एका बाजूने उचलली गेली.

हे आकडे रात्री वहीत उतरवून पुन्हा पुन्हा पाहिले. पाचवरून साडेसातपर्यंत तोंड मोठे करताना अडथळा जवळजवळ निम्म्यावर येतो, कारण भोकाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते. पाचाचा वर्ग २५ आणि साडेसाताचा ५६, म्हणजे वाट दुपटीहून अधिक रुंद झाली. त्यापुढे कितीही कापले तरी फारसे हाती लागत नाही. उरलेला अडथळा सिगारच्या लांबीभरच्या भरणाचा असतो आणि तो टोक कापून जात नाही. म्हणजे ८ मिमीच्या पुढे कापणाऱ्याच्या पदरात ओढ पडत नाही, सुटलेले पान मात्र पडते.

२४ फेब्रुवारी

कमी कापले तर काय होते, हे नानांनी काल संध्याकाळी स्वतःवर पाहिले. तोंड ५ मिमीचे ठेवून त्यांनी आणखी एक सिगार ओढली. सुरुवातीला धूर दाट आणि जिभेच्या शेंड्यावर नेमका येतो, हे त्यांना फार आवडले. निमुळत्या आकाराचे कौतुक करणारे हाच गुण सांगतात. अर्ध्यानंतर मात्र जोर लावून ओढावे लागले, टोकाशी काळपट चिकट थर साचला आणि तोंड कडू झाले. अरुंद वाटेतून धूर वेगाने जाऊन तिथेच थंडावतो, आणि त्यातले चिकट द्रव्य नेमके ओठांशीच जमते. मी त्यांना तिथेच आणखी २ मिमी कापायला सांगितले. त्या कापासरशी कडवट भाग निघून गेला आणि ओढही मोकळी झाली. पेटलेली सिगार पुन्हा कापता येते, ही गोष्ट त्यांना नवी होती. म्हणून पहिला काप नेहमी हात राखूनच घ्यावा. कापलेले परत जोडता येत नाही, आणि न कापलेले केव्हाही कापता येते.

२ मार्च

आज जळगावला नानांच्या दुकानामागच्या कामाच्या खोलीत बसलो होतो. तिथला कारागीर सोन्याची तार ओढत होता. तार ओढण्याच्या पोलादी पट्टीत उतरत्या मापाची भोके असतात, आणि तारेचे टोक कानशीने निमुळते करून भोकात घातले की ते आपल्या जाडीला अडते. ते पाहता पाहता माझी सगळी मांडणी उलटी होती हे ध्यानात आले. मी आतापर्यंत 'टोकापासून किती मिलिमीटर' या भाषेत विचार करत होतो, आणि प्रत्येक निमुळत्या सिगारचा उतार वेगळा असल्यामुळे तो आकडा एका आकाराला लागू पडला तरी दुसऱ्याला पडणार नाही. आपल्याला हवे आहे ते तोंड, म्हणजे व्यास. तेव्हा टोक ठरावीक मापाच्या भोकात घालावे, ते जिथे अडेल तिथे त्याचा व्यास आपोआप तेवढाच असणार, आणि भोकाच्या पलीकडे जे बाहेर आले असेल ते कापून टाकावे. उतार कसाही असला तरी तोंड ठरलेल्या मापाचेच येईल.

नानांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, 'म्हणजे अंगठीच्या मापाच्या कड्यांसारखेच की!' मला तार आठवली, त्यांना अंगठी आठवली. दोन्ही उपमा चालतात.

९ मार्च

पितळेच्या ३ मिमी जाडीच्या तुकड्यात ७ मिमीचे भोक पाडून, ते नेमके व गुळगुळीत करण्यासाठी त्यात रीमर हे हत्यार फिरवून तो तुकडा कटरच्या पुढच्या अंगाला दोन बारीक स्क्रूंनी बसवला. टोक पट्टीतून आत जाते आणि पाती पट्टीच्या लगेच मागे मिटतात. नकली सिगारवर कापून पाहिले, तर तोंड ७ ऐवजी ५ मिमीचेच आले. तीनदा तसेच झाले.

चूक ध्यानात यायला चहा व्हावा लागला. सिगार अडते ती भोकाच्या पुढच्या कडेवर आणि पाती चालतात ती मागच्या कडेच्याही अर्धा मिलिमीटर पलीकडे. म्हणजे साडेतीन मिलिमीटरचे अंतर मध्ये जाते, आणि तेवढ्यात निमुळते टोक आणखी २ मिमी बारीक होते. चाळीस वर्षे या कामात काढून ही चूक व्हावी, याची नोंद इथे मुद्दाम करून ठेवतो.

१६ मार्च

धुळवडीचे दोन दिवस गेले. नवी पट्टी दीड मिलिमीटर पितळेची केली आणि सिगार शिरते त्या बाजूने भोकाला काउंटरसिंकने तिरकी उतरण दिली, जेणेकरून टोक आता पात्याकडच्या कडेवरच अडावे. ती कड धारदार राहिली तर पानाला चरा पडेल म्हणून बारीक एमरी कागदाने तिची धार मारली आणि नंतर सराफी पॉलिशच्या ब्रशने नानांच्या कारागिराने ती चकचकीत करून दिली. आता ७ मिमीच्या भोकातून ६.७ मिमीचे तोंड मिळते. म्हणून ७.३ मिमीचे भोक केले आणि सात बरोबर मिळाले.

वापराच्या दोन गोष्टी नकली सिगारवर कळल्या. सिगार भोकात घालताना पिळायची नाही, कारण पानाच्या वेढ्याविरुद्ध पीळ बसला तर टोपी सैल होते. ती सरळ आत सारावी आणि अडली की जोर थांबवावा. दुसरे असे की, पाती एकाच झटक्यात मिटावीत. निम्म्यावर थबकून पुन्हा दाबले की कापाच्या मध्यभागी भरणाचा एक धागा ओढला जातो.

६ एप्रिल

आज रामनवमी. दुपारी पारा ४१ अंशांवर आणि ओसरीतल्या मापकात हवेची आर्द्रता १९ टक्के. नानांनी उरलेल्या सहांपैकी एक सिगार नव्या पट्टीतून कापली आणि काप निर्दोष असूनही पानाला बारीक तडा गेला. त्यांनी पट्टीला दोष दिला. मी खोके उघडून पाहिले, तेव्हा दोष खानदेशच्या उन्हाळ्याचा निघाला. खोके त्यांनी कपाटात तसेच ठेवले होते आणि पान पापडासारखे झाले होते. सिगार ६५ ते ७० टक्के आर्द्रतेत राहिली तरच पान कापाला लवते. कोरडी असेल तर जगातले कोणतेही पाते तिला तडकवणारच.

उरलेल्या पाच सिगार रबरी कडेच्या हवाबंद डब्यात ६५ टक्क्यांच्या आर्द्रतेच्या पुडीसह ठेवल्या. डब्यात ठेवायचा मापक खरा बोलतो की नाही, हे मिठाने आधी तपासले. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते दाट चिखलासारखे होईल इतकेच पाणी घातले आणि मापकासह बंद पिशवीत रात्रभर ठेवले. अशा हवेत आर्द्रता ७५ टक्के असते. मापक ७१ दाखवत होता, म्हणजे तो ४ टक्के कमी सांगतो. कोरडी सिगार एकदम ओलसर हवेत ठेवल्यास भरण फुगून पान फाटू शकते, म्हणून महिनाभर तिला हात लावायचा नाही, असे नानांना बजावले. डबा घरातल्या सर्वांत थंड खोलीत, माठाशेजारी राहील. उष्ण जागेत तंबाखूतल्या किड्याची अंडी उबून सिगारला टाचणीएवढी भोके पडतात. तसे झाले तर सगळे मापन वायाच जाईल.

तडकलेल्या सिगारवर डिंकाचा प्रयोग केला. घरात लाडवांसाठी आणलेला धावड्याचा डिंक होता. दोन खडे कोमट पाण्यात विरघळवून त्याचे बोट तडा गेलेल्या कडेवर फिरवले आणि पाच मिनिटे दाबून धरले. पान बसले आणि शेवटपर्यंत सुटले नाही. डिंक खाण्याचाच असल्याने ओठांशी त्याची भीती नाही आणि चवही जाणवली नाही, असे नाना म्हणाले. पानाच्या वेढ्यांवर तो लावू नये, फक्त टोपीच्या कडेला लावावा.

३० एप्रिल

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. सराफाच्या दुकानात आज पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा नाना येण्याचा प्रश्नच नव्हता. ६.३ आणि ८.३ मिमी भोकांच्या आणखी दोन पट्ट्या तयार केल्या. त्यांतून ६ आणि ८ मिमीची तोंडे मिळतात.

११ मे

डब्यातला मापक, चूक धरून, ६६ टक्के दाखवतो. पान बोटाला किंचित लवते आणि दाबल्यावर चर्र वाजत नाही. नाना सकाळी आले आणि सोबत पुतण्याने या खेपेला आणलेले आणखी दोन आकार घेऊन आले. एक आखूड डोक्याची बेलिकोसो आणि एक दोन्ही टोकांना निमुळती परफेक्टो.

बेलिकोसोवर पट्टीची खरी परीक्षा झाली. तिचा उतार इतका झटक्यात फुगतो की टोकापासून २ मिमीवरच व्यास ७ होतो. पिरामिडला बरोबर ठरलेले '५ मिमी कापा' हे माप तिला लावले असते, तर तोंड १० मिमीच्या घरात गेले असते आणि टोपीही गेली असती. सातच्या पट्टीतून कापल्यावर तिचा २ मिमीचा तुकडा निघाला आणि पिरामिडचा सुमारे ५ मिमीचा. दोन्हींचे तोंड कॅलिपरवर ७. पाण्याच्या यंत्रावर दोघींची ओढ शंभराच्या आत आली.

परफेक्टोच्या बाबतीत नानांचा हात दोन्ही टोके कापायला निघाला होता, तो मी थांबवला. क्यूबाचे १९९६ साली सुरू झालेले क्वाबा हे नाव याच आकारासाठी ओळखले जाते. अशा सिगारचे फक्त टोपीचे डोके कापायचे आणि पेटवायचे बारीक टोक आहे तसे पेटवायचे. पहिल्या काही झुरक्यांना ओढ घट्ट लागते, पण आग फुगवट्यापर्यंत पोहोचली की ती मोकळी होते. म्हणून तिची कोरडी ओढ पेटवण्यापूर्वी पाहून काही निष्कर्ष काढता येत नाही, आणि घट्ट लागली म्हणून डोके पुन्हा कापण्याची घाई करू नये. इतर आकारांच्या बाबतीत मात्र कापल्यावर न पेटवता एक झुरका घेऊन पाहणे हाच नियम ठेवला आहे. सहाची पट्टी आधी, घट्ट वाटली तर सातची, आणि आठची फक्त अडलेल्या सिगारला.

तिरक्या कापाबद्दल नानांनी विचारले, कारण पुतण्या म्हणे ४५ अंशांत कापतो. त्याने तोंड लांबट होऊन क्षेत्रफळ वाढते आणि धूर जिभेऐवजी टाळूकडे वळतो, हे खरे. पण तिरक्या कापाची एक बाजू टोपीच्या रेषेच्या फार जवळ उतरते आणि माझी पट्टी त्यासाठी नाही. ज्याचा हात स्थिर आहे त्याने कात्रीने करावे.

तिन्ही पट्ट्यांवर ६, ७, ८ असे आकडे कोरून दिले. स्क्रू सैल पडू नयेत म्हणून आता त्यांना बारीक वॉशर घालायचे आहेत, आणि पात्यांवर साचलेला तंबाखूचा चिकटा स्पिरिटच्या बोळ्याने दर पाच कापांनंतर पुसायचा आहे. हे दुसरे काम नाना करतील, यावर माझा विश्वास नाही. म्हणून बोळ्यांची पुडी डब्यातच ठेवून दिली.